ठिबकासाठीचे चुंबकी यंत्र : माहितीपत्रकातील दाव्यांची परीक्षा

जळगाव जिल्ह्यातील रावेर-यावल पट्ट्यातील केळी बागायतदारांना सध्या ठिबक सिंचनाचे ड्रिपर तुंबू नयेत म्हणून एक चुंबकी यंत्र विकले जात आहे. कूपनलिकेवरून येणाऱ्या मुख्य पाइपावर, वाळूच्या गाळणीच्या पुढे, ते दोन अर्ध्या भागांत कवटाळून बोल्टने आवळायचे असते. त्याला वीज लागत नाही, आत हलणारा भाग नाही, आणि पाइप कापावाही लागत नाही. कंपनीचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही, कारण याच घडणीची, केवळ रंग आणि नाव बदललेली यंत्रे बाजारात बरीच आहेत व त्यांच्या माहितीपत्रकांतील वाक्येही जवळजवळ तीच आहेत. त्यामुळे हा अभिप्राय एका कंपनीपेक्षा त्या वाक्यांविषयी अधिक आहे. यंत्र पूर्ण किंमत मोजून घेतलेले असून माझ्या बागेत बसवलेले आहे.

ज्यांचा ठिबकाशी संबंध नाही त्यांच्यासाठी अडचण थोडक्यात सांगतो. सातपुड्याचा पायथा आणि तापी यांच्यामधल्या गाळाच्या जमिनीत पाणी खोल गेले आहे, आणि आमच्यासारख्या अनेकांच्या कूपनलिकांचे पाणी जड आहे, म्हणजे त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळलेले आहे. उन्हाने तापलेल्या काळ्या नळीत त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर झाडापाशी थेंबथेंब पाणी सोडणाऱ्या ड्रिपरच्या बारीक वाटेत बसतो. त्या थरावर आम्लाचा थेंब टाकला की तो फसफसतो, ही त्याची ओळख. उपायही जुनाच आहे : पाण्याचा सामू (पीएच) सुमारे ४ पर्यंत खाली येईल इतके आम्ल नळ्यांतून सोडायचे, संच चोवीस तास बंद ठेवायचा आणि मग नळ्यांची टोके उघडून सर्व धुऊन काढायचे. काम किचकट आहे, आम्ल हाताळायला मजूर तयार होत नाहीत, आणि हातमोजे-चष्मा न वापरता ते करणे धोक्याचे आहे. एक लोखंडी डबा हे सारे वाचवणार असेल तर त्याची किंमत जास्त नाही, असे कोणालाही वाटेल, आणि त्यात गैर काही नाही.

माहितीपत्रकात हिरव्या चौकटीत पाच वाक्ये आहेत. पाण्यातील क्षार कमी होतात. ड्रिपर कधीही तुंबत नाहीत. उत्पन्नात २० टक्क्यांपर्यंत वाढ होते. पाण्याचे रेणूसमूह लहान होऊन मुळांना ते सहज शोषता येतात. पाण्यातील सुप्त जीवनशक्ती जागृत होते. पाचही वाक्ये एकाच आकाराच्या अक्षरांत, एकाच ठामपणाने छापलेली आहेत, आणि वाचणाऱ्याची फसगत तेथूनच सुरू होते, कारण ती एका जातीची वाक्ये नाहीत. काहींना पाच मिनिटांत खोटे ठरवता येते, काहींना हंगाम लागतो, एकाला भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा लागते, आणि एक असे आहे की ते खोटे असते तर जगात नेमके काय वेगळे दिसले असते, हे खुद्द विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

पहिले वाक्य सर्वांत सोपे, म्हणून ते लवकर निकालात काढता येते. क्षार म्हणजे पाण्यात विरघळलेला पदार्थ. तो कमी व्हायचा तर तो कोठेतरी जायला हवा : गाळणीत अडकायला हवा, तळाशी बसायला हवा किंवा दुसऱ्या पदार्थाशी अदलाबदल व्हायला हवी. पाइपाच्या बाहेरून आवळलेल्या चुंबकात असा कोणताच मार्ग नाही. टीडीएस मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि तिच्यावरून क्षारांचा अंदाज देतो. यंत्राच्या आधीच्या आणि नंतरच्या तोटीतून पाणी घेऊन तो बुडवला असता आकडा जागचा हलला नाही. हे प्रतिनिधीला दाखवल्यावर त्याने शांतपणे सांगितले, “भाऊ, क्षार तेवढेच राहतात, पण त्यांचा स्वभाव बदलतो, आणि तो मीटरला कळत नाही.” दावा येथे मागे घेतला गेला नाही. तो उचलून मीटर पोहोचणार नाही अशा जागी ठेवला गेला. छापील माहितीपत्रकात मात्र तो अजून पहिल्याच जागी आहे.

दुसऱ्या वाक्यावर अधिक वेळ द्यावासा वाटतो, कारण यंत्राची खरी परीक्षा तेथे आहे आणि प्रश्नही प्रामाणिक आहे. चुंबकी क्षेत्रातून गेलेल्या पाण्यात कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक वेगळ्या रूपात तयार होतात, भांड्याला घट्ट चिकटणाऱ्या कॅल्साइटऐवजी अॅरागोनाइटचे प्रमाण वाढते, असे निष्कर्ष काही प्रयोगशाळांनी नोंदवलेले आहेत, तर इतर ठिकाणी तसा परिणाम आढळलेला नाही. कल्पना केवळ हास्यास्पद म्हणून टाकून देण्यासारखी नाही. अशा वेळी वाद घालण्यापेक्षा मोजणे स्वस्त पडते. ताशी चार लिटर क्षमतेच्या ड्रिपरमधून नेमून दिलेल्या दाबावर तीन मिनिटांत २०० मिलिलिटर पाणी यायला हवे, एवढे गणित आणि खाली ठेवायला एक मोजपात्र इतकीच सामग्री लागते.

अडचण मोजण्यात नाही, तुलनेत आहे. यंत्र बसवायला आलेल्या माणसाने आधी गाळणी उघडून धुतली, सर्व नळ्यांची टोके सोडून पाणी वाहू दिले आणि मग यंत्र आवळले. दुसऱ्याच दिवशी ड्रिपर मोकळे वाहू लागले, यात नवल नव्हते, कारण नळ्या धुतल्यावर ते यंत्राशिवायही वाहिले असते. शिवाय माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात “नियमित आम्लप्रक्रिया व फ्लशिंग चालू ठेवावे” अशी सूचना आहे. आम्लप्रक्रिया चालू ठेवून ड्रिपर मोकळे राहिले तर श्रेय कोणाचे, हे त्या सूचनेनंतर कोणालाही सांगता येणार नाही, आणि ती सूचना कोणी काळजीपोटी लिहिली की याच हेतूने, हेही मला ठरवता आलेले नाही.

म्हणून बसवणाऱ्याचा आग्रह बाजूला ठेवून यंत्र मुख्य पाइपाऐवजी एका फाट्यावर बसवून घेतले. एकाच कूपनलिकेचे, एकाच गाळणीतून आलेले पाणी दोन फाट्यांनी बागेच्या दोन भागांत जाते, आणि यंत्र कोणत्या फाट्यावर बसवायचे ते नाणे उडवून ठरवले. नाणे येथे पोरखेळ म्हणून नव्हते. मी स्वतः निवडले असते तर कदाचित उताराकडची, आधीच बरी चालणारी बाजू निवडली असती. ही पद्धत शेतीतूनच आलेली आहे : इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथील कृषी संशोधन केंद्रात १९१९ पासून काम करणाऱ्या रोनाल्ड फिशर यांनी कोणत्या वाफ्याला कोणते खत द्यायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवण्याचा आग्रह धरला, आणि पुढे औषधांच्या चाचण्यांनीही तीच वाट घेतली. दोन्ही फाटे गोणपाटाने झाकले, जेणेकरून मोजपात्र धरणाऱ्याला यंत्राची बाजू कळू नये. दोन्हीकडे आम्लप्रक्रिया थांबवून उन्हाळा जाऊ दिला.

उन्हाळ्याअखेरीस दोन्ही बाजूंचे ड्रिपर तुंबू लागले होते, आणि दोहोंतील प्रवाहाची घट सारखीच होती. एका शेतातल्या एका हंगामाने चुंबकाचा सर्व प्रश्न सुटत नाही. लहानसा परिणाम असेल तर तो अशा मोजणीत दिसणारही नाही. परंतु माहितीपत्रकात “थोडे कमी तुंबतात” असे म्हटलेले नाही, “कधीही तुंबत नाहीत” असे म्हटले आहे. अशा सरसकट विधानाला सिद्ध करायला हजार शेते अपुरी पडतात, पण खोटे ठरवायला पांढऱ्या थराने बंद झालेला एक ड्रिपर पुरतो. तो माझ्याकडे आहे, आणि आम्ल टाकल्यावर तो फसफसतो.

यावर मिळालेले स्पष्टीकरण असे की, “तुमच्या पाण्यात लोह जास्त असेल, म्हणून चुंबकाचा प्रभाव कमी पडला.” अशा उत्तरांना लगेच सबब म्हणून झिडकारू नये, असे माझे मत आहे. विज्ञानातही अपेक्षा चुकली की सिद्धान्त त्याच क्षणी फेकून दिला जात नाही. युरेनस ग्रहाची कक्षा न्यूटनच्या गणिताप्रमाणे येईना, तेव्हा पलीकडे एखादा न पाहिलेला ग्रह असावा असे सुचवले गेले. हीदेखील सबबच होती. फरक इतकाच की तो ग्रह आकाशात कोठे असेल हे गणिताने आधी सांगितले गेले, आणि १८४६ मध्ये बर्लिनच्या वेधशाळेत गाले यांना नेपच्यून त्या जागेच्या अगदी जवळ सापडला. लोहाची सबब त्याच प्रकारची आहे : पाण्यातले लोह तपासता येते. नमुना प्रयोगशाळेत दिला, लोह काळजी करण्याइतके निघाले नाही, आणि ते उत्तर तेथे संपले. त्यानंतर आलेले उत्तर मात्र वेगळ्या जातीचे होते. “जमिनीचा प्रतिसाद प्रत्येक ठिकाणी निराळा असतो, काही जमिनी यंत्राला दोन-तीन वर्षांनी स्वीकारतात.” कोणती जमीन स्वीकारते, ते आधी कसे ओळखावे, आणि तीन वर्षांनीही फरक न पडल्यास चौथ्या वर्षाची वाट पाहायची की नाही, यांपैकी कशाचेही उत्तर त्यात नाही. यंत्र चालले तर जमिनीने स्वीकारले, न चालले तर नाही : येथे कोणतीही घटना घडली तरी दावा सुरक्षित राहतो, आणि म्हणून त्यातून शेतकऱ्याला कोणतीही माहिती मिळत नाही.

तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांनी हाच फरक विज्ञानाच्या सीमारेषेसाठी वापरला. १९१९ च्या मे महिन्यातील खग्रास सूर्यग्रहणात सूर्याच्या अगदी कडेजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश १.७५ कोनसेकंद वळलेला दिसला पाहिजे, असे आइन्स्टाइन यांचे गणित सांगत होते. तसे दिसले नसते तर सिद्धान्त अडचणीत आला असता. ही जोखीम पॉपर यांना महत्त्वाची वाटली. आपल्याकडचे उदाहरण अधिक जवळचे आहे. २००८ मध्ये जयंत नारळीकर यांनी नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांसह पुण्यात फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार मुलांच्या १०० आणि मतिमंद मुलांच्या १०० जन्मपत्रिका गोळा केल्या, त्यांतून प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका दिल्या, आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली हे सांगायला सांगितले. उत्तरे पाठवणाऱ्या २७ ज्योतिषांचे सरासरी ४६ टक्के अंदाज बरोबर आले, म्हणजे नाणे उडवून जेवढे आले असते त्याच्या आसपास. या चाचणीतली मला सर्वांत उपयोगी वाटणारी गोष्ट आकडा नाही. एरवी “योग आहेत, पण प्रयत्न हवेत” अशा भाषेत वावरणारा दावा चाचणीपूर्वीच हो किंवा नाही एवढ्यावर आणून ठेवला गेला, ही आहे. यंत्र विकणाऱ्यालाही तेवढेच विचारायचे असते.

आता उत्पन्नाचे वाक्य. “२० टक्क्यांपर्यंत” वाढ या रचनेत शून्य टक्केही बसते आणि चार टक्केही. कोणत्याच शेतातला कमी निकाल तिला खोटे ठरवू शकत नाही. आकडा असल्यामुळे वाक्य शास्त्रीय दिसते, परंतु आकड्याने तपासणीला जागा उघडलेली नाही. माहितीपत्रकात तीन समाधानी बागायतदारांची छायाचित्रे आहेत आणि प्रत्येकाने मागील वर्षापेक्षा घड जड आल्याचे म्हटले आहे. खान्देशात दोन वर्षे सारखी कधी असतात? पावसाळ्याच्या तोंडी लावलेल्या मृगबागेला एखाद्या वर्षी मे महिन्यातले वारे झोपवतात, एखाद्या थंडीत घड बाहेर पडताना अडकतो, करपा येतो, ऊतिसंवर्धित रोपांची खेप बदलते, खत वेळेवर मिळते किंवा मिळत नाही. मागचे वर्ष आणि हे वर्ष यांत यंत्राखेरीज डझनभर गोष्टी बदललेल्या असतात. शिवाय ज्यांचे घड हलके आले त्यांचे छायाचित्र कोणी छापत नाही.

माझ्या बागेतल्या घडांविषयी मी येथे काही सांगत नाही, आणि त्याचे कारण संकोच नाही. पाच बाय पाच फुटांवरच्या लागवडीत एकरी सुमारे १,७४० झाडे बसतात, त्यामुळे दोन्ही बाजूंचे हजारो घड तोलून सरासरी काढली की पुरावा भक्कम झाला, असे वाटते. पण यंत्राच्या बाजूची सर्व झाडे जमिनीच्या एकाच तुकड्यावर आहेत. तो तुकडा मुळातच कसदार असेल तर हजार झाडे एकच गोष्ट हजार वेळा सांगतील. घडांच्या वजनाची तुलना करायची असेल तर यंत्राचे आणि बिनयंत्राचे असे बरेच लहान तुकडे आळीपाळीने, चिठ्ठ्या टाकून, निदान काही शेतांत आखावे लागतील. हे काम एकट्या शेतकऱ्याचे नाही. जळगावच्या केळी संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी अशी चाचणी झाली आहे काय, असे विचारल्यावर प्रतिनिधीने “विद्यापीठांना नव्या गोष्टी कळायला वेळ लागतो” असे उत्तर दिले. दावा तपासता येण्याजोगा असतो पण कोणी तपासलेला नसतो, असा हा मधला प्रकार आहे, आणि बाजारात त्याचेच प्रमाण सर्वाधिक असावे असे वाटते.

रेणूसमूहांचे वाक्य ऐकायला सर्वांत विद्वान आहे. तत्त्वतः ते तपासता येते, केवळ बांधावर तपासता येत नाही, आणि हे विक्रेत्याच्या पथ्यावर पडते. द्रव पाण्यात रेणू हायड्रोजन-बंधांनी एकमेकांना धरून असतात हे खरे आहे, मात्र हे बंध सेकंदाच्या काही लाख-कोट्यंशांत तुटतात आणि नवे जुळतात. चुंबकाजवळ समूह लहान झाले असे क्षणभर मानले, तरी फाट्यापासून झाडापर्यंत पोहोचायला पाण्याला लागणाऱ्या वेळात त्या रचनेचे काहीही शिल्लक राहत नाही. येथे शेतकऱ्याला स्वतः मोजता येत नसले तरी कोणाला विचारावे हे ठरलेले असते, आणि उत्तर महाविद्यालयातील भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाकडे मिळते.

राहिले जीवनशक्तीचे वाक्य. ते खोटे आहे असे मी म्हणणार नाही, कारण खोटे म्हणण्यासाठीही काहीतरी मोजता यायला हवे. जागृत जीवनशक्तीचे पाणी आणि सुप्त जीवनशक्तीचे पाणी समोर ठेवले तर कोणत्या चिन्हाने ओळखायचे, या प्रश्नाला “श्रद्धेने अनुभव घ्या” असे उत्तर मिळाले. श्रद्धेशी माझे भांडण नाही. दसऱ्याला आम्हीही पाण्याच्या मोटारीला हळद-कुंकू लावतो, पण त्या पूजेमुळे प्रवाह वाढेल असे कोणी सांगत नाही आणि त्यासाठी पावती फाडत नाही. तपासता न येणारे बोलणे माणसांच्या आयुष्यात पुष्कळ असते आणि ते तेथे शोभते. ते टीडीएस आणि टक्केवारीच्या रांगेत, त्यांच्याच बळावर, किंमत लावून उभे केले जाते तेव्हा हरकत घ्यावी लागते. कायद्याच्या बाजूनेही हा फरक महत्त्वाचा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तूचे खोटे वर्णन आणि फसवी हमी यांना दिशाभूल करणारी जाहिरात म्हटले आहे. क्षार कमी होतात, या वाक्याविरुद्ध मीटरचा आकडा घेऊन जिल्हा ग्राहक आयोगापुढे उभे राहता येते, जीवनशक्तीच्या वाक्याविरुद्ध काय घेऊन जाणार?

यंत्राच्या बाजूनेही लिहायला हवे. त्याची घडण चांगली आहे, रंग उन्हात उडालेला नाही, बोल्टला गंज नाही, दाबात घट येत नाही, आणि बसवायला आलेला माणूस कामसू व नम्र होता. दूरध्वनी केल्यावर प्रतिनिधी आला, प्रश्नांना कंटाळला नाही, हेही खरे. हमीपत्र दहा वर्षांचे आहे, पण ते नीट वाचल्यावर असे दिसते की हमी चुंबकाची शक्ती कमी न होण्याची आणि कवचाला गंज न चढण्याची आहे. दोन्ही गोष्टी काटेकोरपणे तपासता येतात, आणि दोहोंचा ड्रिपरशी काही संबंध नाही. ज्या परिणामासाठी माणूस पैसे देतो तो परिणाम हमीपत्रात एकदाही आलेला नाही. कंपनीला तपासता येण्याजोगे लिहिणे चांगले जमते, इतके मात्र त्यावरून कळते.

आजच्या माहितीवर हे यंत्र घेण्याची शिफारस करता येत नाही. जड पाण्यासाठी आम्लप्रक्रिया, ठरलेल्या अंतराने नळ्या धुणे आणि गाळणीची निगा हेच उपाय विश्वासाचे आहेत. तरीही कोणाला घ्यायचेच असेल, तर पैसे देण्यापूर्वी बिलावर एक ओळ लिहून मागावी : आम्लप्रक्रिया न करता अमुक महिन्यांनी, अमुक दाबावर, यंत्राच्या फाट्यावरील ड्रिपरमधून तीन मिनिटांत अमुक मिलिलिटरपेक्षा कमी पाणी आल्यास आणि ते बिनयंत्राच्या फाट्यापेक्षा जास्त नसल्यास पूर्ण रक्कम परत. माझ्या प्रतिनिधीने ती लिहून दिली नाही, “असे कोणीच लिहून देत नाही” असे तो म्हणाला. ज्या विक्रेत्याला ही ओळ मान्य असेल त्याच्या यंत्रासाठी दुसरा फाटा मोकळा आहे, आणि त्याचा अभिप्राय मी स्वतंत्रपणे लिहीन.